तिसरी-चौथीची मुलं आणि केळकर संग्रहालय: काय दाखवू, वर्गात काय करून घेऊ?

नीराकाठ:
नमस्कार. मी भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिसरी-चौथी एकत्र बसतात, पट 34. दिवाळीनंतर पुण्याला सहल न्यायची आहे. नेहमी शनिवारवाडा, सारसबाग, कात्रज असं ठरलेलं असतं. यंदा मुख्याध्यापकांनी राजा दिनकर केळकर संग्रहालय सुचवलं. मला ते मनापासून आवडलंय, पण तिथे वस्तू अफाट आणि माझी मुलं आठ-नऊ वर्षांची. हाताशी दोन तास असतील. काय दाखवू? परत आल्यावर कार्यानुभवाच्या तासाला काय करून घेऊ? चित्रकलेला आमच्याकडे वेगळे शिक्षक नाहीत. साहित्य म्हणजे रंगखडू, पुठ्ठे आणि ओढ्याची माती. 'आवडलेल्या वस्तूचे चित्र काढा' एवढ्यावर मला थांबायचं नाहीये.

खडूफळा:
ताई, मी पुण्यात प्राथमिकच्या मुलांना चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. या संग्रहालयात वर्षानुवर्षं वर्ग घेऊन गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सगळं दाखवायचा हट्ट सोडा. केळकरांनी वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या. रांगेत चालत सगळी दालनं पार केली की मुलांच्या हाती काहीच लागत नाही. तीनच प्रकार निवडा: दिवे, अडकित्ते आणि वज्री. तुमच्या मुलांनी अडकित्ता घरात कुणाच्या तरी चंचीत पाहिलेला असेल. इथे तोच अडकित्ता कुठे पक्षी होतो, कुठे घोडा, कुठे माणसांची जोडी. वज्री बहुतेकांना माहीत नसेल. पायाच्या टाचा घासायची ही पितळी वस्तू, खालून खरखरीत आणि वर पकडायला एखादा प्राणी किंवा पक्षी.

मुलांचे तीन गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. प्रत्येक मुलाने आपली एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर बसायचं. आधी थोडा वेळ पेन्सिल खाली ठेवून नुसतं बघायचं. मग त्यांना एकच प्रश्न विचारा: "ही वस्तू हातात कुठे धरत असतील?" या प्रश्नावर माझा फार विश्वास आहे. 'किती सुंदर आहे बघा' म्हटलं की मूल मान डोलावून पुढे सरकतं. कुठे धरायची म्हटलं की ते आकाराचं कारण शोधायला लागतं. वज्रीवरचा पक्षी मुठीत बसावा इतकाच का आहे, अडकित्त्याचे दोन्ही दांडे लांब का आहेत, दिव्याला साखळी का आहे. मग चित्रात बिजागरी येते, साखळीची कडी येते, आणि ती मुलाने स्वतः पाहिलेली असते. खोडरबर मात्र शाळेतच ठेवा. रेघ चुकली तर शेजारी दुसरी काढायची, पहिली राहू दे.

शेवटची दहा मिनिटं मस्तानी महालाला द्या. कोथरूडच्या मूळ महालाचे भाग आणून केळकरांनी तो इथे पुन्हा उभा केला. तिथे काही लिहायला-काढायला लावू नका, मुलांना नुसतं वर छताकडे बघू द्या.

आता वर्गातलं. पुठ्ठ्याचा अडकित्ता करून घ्या. दोन दांडे कापायचे, एका टोकाला भोक पाडून जाड दोरा ओवायचा आणि दोन्ही बाजूंनी गाठ मारायची. वरचा आकार प्रत्येकाच्या मनाचा. तुमच्याकडे बैल येतील, खेकडे येतील, येऊ द्या. पुठ्ठ्याने काही फुटणार नाही, म्हणून त्याच तासाला दोन लाकडी फूटपट्ट्या एका टोकाला घट्ट बांधा आणि मध्ये भुईमुगाची शेंग धरून दाबायला सांगा. शेंग गाठीजवळ असेल तर चटकन फुटते, हाताजवळ सरकवली की जोर लावावा लागतो. चौथीच्या मुलाला तरफ इथेच कळते, व्याख्या पुढे कधीतरी येईलच.

ओढ्याच्या मातीची वज्री करा. माती चाळून, भिजवून, त्यात थोडा कापूस पिंजून मळा. मूर्तिकार शाडूत घालतात तसा, म्हणजे तडे कमी जातात. तळाला ओलेपणीच कंगव्याने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या. वाळवायची सावलीत.

भायखळा_पूर्व:
खडूफळा यांनी सगळं सांगितलंच आहे. पुढच्या वर्षी सहल जमली नाही तर एक लक्षात असू द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस आहे, 2015 पासून शाळाशाळांत जाते. बसमध्येच प्रदर्शन असतं. तुमच्या भागात येऊ शकते का, पत्र लिहून विचारा. याच संग्रहालयात 2019 पासून मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालयही आहे, पण भोरहून मुंबई एका दिवसात लहान मुलांना झेपणार नाही असं मला वाटतं.

केंद्रशाळा:
एसटीचा प्रासंगिक करार करा, शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते. आगारात मुख्याध्यापकांचं पत्र लवकर द्या, दिवाळीनंतर गाड्यांना झुंबड असते. संग्रहालयालाही आधी फोन करून गट किती जणांचा आहे ते सांगा.

नीराकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. फूटपट्ट्या आणि शेंगांचा प्रयोग आजच करून पाहिला, मुलं शेंगा संपेपर्यंत थांबली नाहीत. खडूफळा ताई, आणखी एक विचारायचं आहे. संग्रहालयाला नाव केळकरांच्या लहानपणी गेलेल्या मुलाचं आहे, हे मी वाचलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ मागच्या पावसाळ्यात गेला. ही गोष्ट मुलांना सांगू की टाळू?

खडूफळा:
सांगा. पण आधी तिच्या आईला भेटा, आणि मग तिला एकटीला सांगा, सहलीच्या दोन-चार दिवस आधी. सगळ्यांच्या समोर तिला ती पहिल्यांदा ऐकायला लागू नये. सोप्या शब्दांत सांगा: दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरातल्या वस्तू जमवल्या, आणि त्या संग्रहाला मुलाचं नाव दिलं. 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. ती काही बोलली तर ऐका, नाही बोलली तर तिथेच सोडा. मुलं आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं वहीवर लिहितात, तसंच ते पाटीवर लिहिलेलं आहे. वर्गातल्या मुलांना ते बरोबर ओळखू येतं.

मी एक लिहायचं विसरू नये म्हणून सांगते: परत आल्यावर वर्गाच्या एका कोपऱ्यात तुमच्या गावचा संग्रह मांडा. भात लावणीला घेतात ते इरलं, शिंकाळं, जुनी पायली-अधोली, आजोबांचा अडकित्ता. केळकरांनी राजेरजवाड्यांच्या वस्तूंइतकंच स्वयंपाकघरातल्या वस्तूंना मानलं, म्हणून हे त्यांच्याच वाटेने जाणारं आहे. प्रत्येक वस्तूखाली मुलांनी चिठ्ठी लावायची: वस्तूचं नाव, कोणाच्या घरची, कशाला वापरतात, आणि कुठे धरायची. पालकसभा त्याच आठवड्यात ठेवा. इरलं कसं विणतात हे सांगणारं कुणीतरी तिथे नक्की निघेल. त्यांना बोलायला मुलांसमोर उभं करा, आणि इरल्याचं चित्र मुलांनी ते ऐकत असतानाच काढावं.