मांजरी आणि तिची पिल्लं ठाण्याहून गावी नेतोय, कशी रुळवायची?

माहेरवाशीण_लांजा:
नमस्कार मंडळी. आमच्या पार्किंगमध्ये व्यायलेली मांजरी आणि तिची तीन पिल्लं आम्ही घरात घेतली, आता पिल्लं साडेतीन महिन्यांची झालीत. पावसाच्या आधी आम्ही कायमचे लांज्याजवळ गावी चाललोय, कौलारू घर, मागे गोठा, पुढे आंब्याकाजूची बाग. सासूबाई म्हणतात सोडा अंगणात, आपोआप राहतील, दूधभात घालू. पण मला धास्ती वाटते, यांनी फ्लॅटच्या बाहेरचं जग पाहिलंच नाहीये. मांजरीला तिच्या पिल्लांपासून तोडायचं नाही, चौघांनाही नेणारच आहे. कुणी केलंय का असं?

पडवीवाला:
ताई, गेल्या गेल्या अंगणात अजिबात सोडू नका. नवीन जागेत घाबरलेलं मांजर जे पळत सुटतं ते परत येत नाही, कारण हे आपलं घर हे त्याला अजून कळलेलंच नसतं. दोन-तीन आठवडे एका खोलीत ठेवा, आणि खोली निवडताना वर बघा, कौलांच्या घरात भिंत आणि वाशांच्या मधे फट असते तिथून पिल्लू सहज निसटतं, म्हणून वर फळ्यांचा माळा असलेली खोलीच घ्या. त्यांची जुनी गोधडी न धुता न्या, वास ओळखीचा लागतो. शी-शूसाठी घमेल्यात नदीची वाळू चालते. मग एके दिवशी संध्याकाळी, जेवणाच्या जरा आधी, भुकेलेली असताना एकेकाला सोडा आणि थोड्या वेळाने ताटली वाजवून बोलवा, ही ताटलीची सवय आत्ता ठाण्यातच लावायला घ्या. आणि विहिरीला कठडा नसेल तर आधी जाळी टाका.

गुरांचा_डॉक्टर:
जायच्या आधी चौघांचंही नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. चौथ्या-पाचव्या महिन्यात पिल्लं माजावर येऊ शकतात, मांजरी तर अंगावर पाजत असतानाही गाभण राहते आणि दोन महिन्यांत विते, भाऊबहीण वगैरे त्यांना काही कळत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्य काम गुरांचं, मांजराचं ऑपरेशन सगळीकडे होत नाही. तीन रोगांची एकत्र लस असते ती, तिचा बूस्टर आणि रेबीजची लस ठाण्यातच उरकून कार्ड सोबत ठेवा.

दुसरं म्हणजे गोठ्यात गुरांच्या गोचिडांसाठी जी औषधं मारतात त्यातली बरीच मांजराला विष आहेत. फवारलेल्या गुराजवळ मांजर जाऊन बसतं, मग अंग चाटतं आणि थरथरायला लागतं. उंदराचं औषध घरात ठेवूच नका, विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी जिवावर बेततं. आणि ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, पाव गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

माहेरवाशीण_लांजा:
बापरे, गोचिडांचं माहीत नव्हतं, शेजारच्यांनाही सांगते. रात्री गोठ्यात झोपली तर चालेल का? आणि दूधभाताचं काय?

सड्यावरची:
रात्री घरातच गं! आमच्याकडे बिबट्या अगदी पडवीपर्यंत येतो, वाडीतले कुत्रे असतात, शिवाय बाहेरचा बोका पिल्लांना फाडतो. दिवेलागणीला सगळी आत, दार बंद, हा नियमच करून टाक. गोठ्याच्या गवतात फुरसं, घोणस असे विषारी साप असतात, त्यामुळे घराजवळचं रान तोडून घे, पेंढ्याची उडवी लांब रच. मांजर लंगडत आलं, सूज दिसली तर पाला-बिला लावण्यात वेळ घालवू नको, सरळ डॉक्टरकडे.

दूधभाताबद्दल सासूबाईंशी वाद नको घालूस पण त्याच्यावर ठेवू पण नकोस. मांजराला मासे-मटणातूनच मिळणारं टॉरिन लागतं, ते नसलं की डोळे आणि हृदय बिघडतं. उकडलेला बांगडा काटे काढून दे, मीठ न घालता. खारवलेली सुकी मासळी नको. मासे सोलायचं काम सासूबाईंनाच दे, जी खायला घालते तिच्याच मागे मांजरं फिरतात, आमच्या आजेसासूबाईंना असाच लळा लागला.

पडवीवाला:
प्रवासाचं राहिलं. गाडीने रात्री निघा, ऊन नको. आई आणि पिल्लं वेगळ्या पिंजऱ्यात पण शेजारी शेजारी, निघायच्या तीन-चार तास आधी खाणं बंद, पाणी चालेल. घाटात ओरडतील, पण पिंजरा उघडू नका.