बाजाराच्या गावात 2016 पासून किती दुकानं उघडली, किती बंद पडली: मोजायचं कसं?

गुजरी_चौक: यवतमाळकडचं आठवडी बाजाराचं गाव. मेन रोड आणि गुजरी धरून शंभरेक शटर. कोणतं दुकान केव्हा लागलं, केव्हा उठलं याचा हिशोब काढायचा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घर-दुकानांच्या कर आकारणीची वही) आणि जीएसटीची नोंद पाहून जमेल का?

ठोक_चिल्लर: नाही जमत भाऊ. नमुना 8 ची आकारणी दर चार वर्षांनी सुधारते. मधल्या काळात उघडून दोन वर्षांत बसलेलं दुकान त्यात सापडतच नाही. जीएसटी तर आणखी फसवं. 1 एप्रिल 2019 पासून मालाच्या धंद्याला नोंदणीची मर्यादा 40 लाखांवर गेली. तिच्या आत उलाढाल असलेला माणूस नंबर रद्द करून घेतो, दुकान मात्र चालूच असते. ‘रद्द’ म्हणजे ‘बंद’ धरलं की आकडा गेलाच. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचंही तसंच: 2017 च्या कायद्याने कामगार कमी असलेल्या लहान दुकानाला नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना. बंद करताना कोण सांगायला जातो?

कापूस_सीझन: दुकान मोजू नका, शटर मोजा. प्रत्येक शटरला नंबर द्या आणि 2016 पासून त्यात कोणकोणते धंदे बसले ते ओळीने लिहा. गाळा स्वतःचा की भाड्याचा हा रकाना विसरू नका. साल कोणालाच धड आठवत नाही, म्हणून ‘नोटाबंदीच्या आधी की नंतर?’, ‘लॉकडाऊनमध्ये शटर उघडलं का?’ असं विचारा. नोव्हेंबर 2016, जुलै 2017 चा जीएसटी, मार्च 2020, या तीन खुणा पुरतात. बंद झालेल्याची माहिती गाळामालक आणि समोरचा चहावाला देतो. चालू दुकानदारांनाच विचारलं तर टिकलेलेच दिसतील.

फेरी एकदा डिसेंबरात, एकदा मे महिन्यात. पोळ्याच्या आठवड्यात झूल-मठाठी अशा बैलांच्या साजाची, दिवाळीला फटाक्यांची दुकानं लागतात, ती वगळा. आणि मेच्या फेरीत कृषी केंद्राला कुलूप दिसलं म्हणून बंद लिहू नका, ते जूनला उघडते.

गुजरी_चौक: समजा 100 शटरांत 14 नवे लागले, 11 उठले. वाढ 3 लिहू?

ठोक_चिल्लर: 3 लिहा, पण शेजारी 25 ची उलथापालथ पण लिहा. खरी गोष्ट तिथंच आहे.

कापूस_सीझन: ‘बंद का’ या रकान्यात ‘मंदी’ लिहून मोकळे होऊ नका. उधारी विचारा. जूनमध्ये दिलेला किराणा सोयाबीन निघाल्यावर, नाहीतर कापूस विकल्यावर फिटतो. दोन लाखांच्या भांडवलात सव्वा लाख वहीत अडकला की ऑगस्टात ठोकवाल्याला द्यायला पैसा नसतो, रॅक रिकामी दिसते, मग रोखीचं गिऱ्हाईक तालुक्याला जाते. भाड्याचा गाळा असला तर तो आधी जातो. स्वतःच्या घरातलं दुकान तसंच रेंगाळत राहते. त्याला ‘चालू’ म्हणायचं असेल तर निदान आठवड्यातून चार दिवस शटर उघडं हवं, हे आधीच ठरवून घ्या.