म्हणे चित्रपटाने ‘कट्यार’ वाचवली!

जुना_तंबोरा:
काल इथे एकाने ठोकून दिलंय, ‘2015चा चित्रपट आला नसता तर कट्यार काळजात घुसली कुणाला आठवलं असतं?’ वाचून हातातला चहा गार झाला. अहो, 1967चं संगीत नाटक ते, दोन गायक घराण्यांच्या चुरशीचं. चित्रपटात खाँसाहेब या पात्राचा गळा झालेले राहुल देशपांडे आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी गायलेले महेश काळे, दोघंही आधी याच नाटकात रंगमंचावर गात होते. तेव्हा ते नव्याने बसवलंही होतं चित्रपटाचे दिग्दर्शक सुबोध भावे यांनीच. मग वाचवलं कुणी कुणाला?
माझं खरं दुखणं निराळं. चित्रपटात खाँसाहेबांचे ओठ सचिन पिळगावकरांचे, गळा राहुलचा. मूळ नाटकातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, त्यांचं तसं नव्हतं, जो चिडायचा तोच गायचा. शिवाजी मंदिरात बाबांच्या मांडीवर बसून ‘सुरत पिया की’ ऐकलंय. वसंतराव एका रागातून दुसऱ्यात शिरले की ताल धरलेला बाबांचा गुडघा मध्येच थांबायचा. वन्समोअरपायी शेवटची लोकल चुकली, दादरहून शीवपर्यंत चालत गेलो.

पॉपकॉर्न_पाटील:
काका, लोकल चुकली हा मुद्दा होतो का? साताऱ्याकडच्या आमच्या गावात नाटक कधी आलंच नाही. ‘घेई छंद मकरंद’ आधी खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी यांच्या चालीत आणि मग खाँसाहेबांच्या, हे मी थेटरातच ऐकलं. घराणं म्हणजे गायकीची वेगळी परंपरा, ते तिथे कळलं. तुमचं संगीत नाटक मुंबई-पुण्याबाहेर पडलं कधी?

वऱ्हाडी_ठेचा:
पुण्याचं नाव काढलंच आहे तर ऐका. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दरव्हेकर मास्तर नागपूरचे. वसंतराव मूर्तिजापूरचे. अन् कौतुक चाललं की सगळे कोथरूडचे! एका पुणेरी कार्यक्रमात निवेदकाला हे सांगितलं तर म्हणतो, ‘असं का? छान.’ छान काय बे?

गोंयकार_बाब:
आणि नाटकातल्या गाण्यांच्या चाली काय आभाळातून पडल्या? त्या देणारे जितेंद्र अभिषेकीबुवा आमच्या मंगेशीचे. त्यांचं नाव इतका वेळ कुणी घेतलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
घेतो ना भाऊ. पण तुमच्याकडे गवय्ये ढिगाने आहेत. आमचे एक वसंतराव, तेही पुण्याने नेले.

पेठेतली_माई:
नेले म्हणजे? पळवून नेलं का? ते स्वतः इथे आले, इथे त्यांना श्रोते मिळाले. उगाच आमच्यावर खापर नको.

वऱ्हाडी_ठेचा:
माई, श्रोते आमच्याकडेही होते. तुम्ही मोजले नाहीत, एवढंच.

जुना_तंबोरा:
धागा गावकीचा नाही! पाटील, तुम्हाला उत्तर राहिलं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत सलग चार पोरांनी चित्रपटातलं ‘सूर निरागस हो’ म्हटलं. तिसऱ्याला मी खाली पान खायला गेलो.

पॉपकॉर्न_पाटील:
चार पोरं गायली ना? त्याआधी तुमच्या गणपतीत काय वाजायचं ते सांगा की.

जुना_तंबोरा:
ते नाही सांगणार. बरं, भाचीने चित्रपट पाहूनच वसंतरावांचं जुनं रेकॉर्डिंग शोधलं, मलाही पाठवलं. चित्रपटातल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही रास्तच. एवढं पदरात घ्या. गळा उसनाच होता, यावर मात्र ठाम आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
रेकॉर्डिंग पाठवताना खाली मूर्तिजापूर लिहा.