‘एकपात्री आत्मकथन’: आत्मा सासूबाईंचा, कथन सुनेचं?

खाडीअलीकडे
शुक्रवारपर्यंत माझ्या नाट्यप्रयोगाच्या जाहिरातीचा मजकूर छापायला द्यायचाय आणि एका शब्दावर गाडी अडलीय, म्हणून इथे हा धागा काढतेय.

माझ्या सासूबाई आमच्या गावच्या धवलारीन होत्या. गाव म्हणजे नवी मुंबईतलं गावठाण, आता चहूबाजूंनी टॉवर. आगरी लग्नात हळदीपासूनचे विधी धवलारीन गाण्यांवर चालवते, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. लहानपणी मिठागरावर डोक्यावर टोपल्या, मग भातशेती, मग ती शेतीही भूसंपादनात गेली. शेवटच्या दोन वर्षांत आई बोलत्या झाल्या. मोबाईलवर अकरा तासांचं रेकॉर्डिंग आहे, त्यातल्या निम्म्या भागात कुकरच्या शिट्ट्या. त्यातून मी पन्नास मिनिटांचा प्रयोग बसवलाय. रंगमंचावर मी एकटी, बोली त्यांची, आणि सगळं ‘मी’ म्हणूनच. पहिलं वाक्य, “मना कोनी इचारलाच नाय.”

मी लिहिलं होतं ‘एकपात्री आत्मकथन’. तालीम बघायला ठाण्याचे एक काका आले होते, गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर उभं आयुष्य गेलेलं. चहा पिता पिता म्हणाले, “आत्मकथन कसलं? आत्मा सासूचा आणि कथन सुनेचं. आणि एकपात्री तरी कुठं, मी नऊ पात्रं मोजली.” मोजली होती खरी, बोटांवर.

तर दुसऱ्या माणसाचं आयुष्य त्याच्याच ‘मी’मधून सांगितलं तर त्याला काय म्हणायचं? आणि माझ्या नावापुढे काय घालू? ‘लेखन’ घालायला हात धजत नाही, वाक्यं त्यांची आहेत. ‘नाट्यरूपांतर’ म्हणावं तर मूळ पुस्तक कुठंय?

तिसरी घंटा
नाट्यरूपांतर कथा-कादंबरीचं. रंगावृत्ती म्हणजे हाताशी असलेल्या संहितेची रंगमंचासाठी केलेली काटछाट. तुमच्याकडे दोन्ही नाही. सरळ ‘शब्दांकन’ लिहा. एकाने सांगितलं, दुसऱ्याने लिहिलं, तर मराठीत हाच शब्द चालतो.

शुद्धमती
शब्दांकन दिवाळी अंकातल्या मुलाखतीला. शब्दांकन करणारा लुगडं नेसून लोकांसमोर उभा राहत नाही.

काकांचा आक्षेप मात्र मला अर्धाच पटला. ‘आत्मकथन’मधला ‘आत्म’ सांगणाऱ्याचा असतो आणि प्रयोगात सांगणारी सासूबाईच आहेत, सूनबाई नाहीत. सूनबाई फक्त दिसतात. तरीही जाहिरात वाचणारा नटीचं नाव बघून तिचंच आत्मकथन समजणार, म्हणून ‘चरित्रकथन’ निर्दोष.

फलाट १०
चरित्रकथन! तिकीट काढून कोण येईल हो? पुण्यतिथीचा कार्यक्रम वाटतो.

उसनवार
‘आत्म’वरून आठवलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं आणि पुढे दलित लेखकांची तशी पुस्तकं येत गेली, तेव्हा त्यांना आत्मचरित्र म्हणावं, आत्मकथन म्हणावं की स्वकथन, यावर भरपूर शाई सांडलीय. आत्मचरित्र म्हटलं की मोठ्या माणसाचा जन्मापासूनचा हिशेब, म्हणून ते नको. आणि बौद्ध होऊन ज्यांनी आत्माच नाकारला ते ‘आत्मकथन’ कशाला म्हणतील, म्हणून ‘स्वकथन’, असाही एक युक्तिवाद होता. काकांचं “आत्मा सासूचा” ऐकून मला तोच आठवला.

पण ताईंना ‘स्वकथन’ही नाही चालणार. ‘स्व’ तरी कुणाचा?

जुना पार्ट
काकांचं दुसरं वाक्य कुणी घेतलंच नाही, ते मी घेतो. नऊ पात्रं आहेत म्हणून एकपात्री नाही? मग लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं रंगवायचे, त्याला काय बावन्नपात्री म्हणायचं? अख्खा महाराष्ट्र एकपात्री म्हणत आला. १९६१ साली पु. ल. ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे उभे राहिले. आख्खी चाळ रंगमंचावर, पण माणूस एक. काका गडकरीच्या कट्ट्यावर होते ना, मग आत काय चाललंय ते बघायला एकदा तरी गेले असतील की.

आम्ही नौपाड्याच्या शाळेत नाट्यछटा करायचो. बाईंनी शिकवलं होतं, ऐकणारा माणूस डावीकडे उभाय असं धरायचं, मान तिकडे वळवून “काय म्हणता?” म्हणायचं. स्पर्धेत माझा माणूस निम्म्यात डावीकडून उजवीकडे गेला. मला कळलं नाही, परीक्षकांना कळलं. बक्षीस गेलं. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे, की न दिसणारं पात्र सांभाळणं दिसणाऱ्यापेक्षा अवघड.

विटोबा नव्हे विट
जुना पार्ट, तुमच्या त्या “काय म्हणता?”चं वय फार मोठं आहे. संस्कृतात दहा रूपकप्रकारांत ‘भाण’ आहे. एकच अंक, रंगमंचावर एकच नट, बहुधा विट म्हणजे रंगेल, बोलघेवडा शहरी माणूस, आणि तो आकाशाकडे बघून न दिसणाऱ्यांशी बोलतो. “किं ब्रवीषि?” म्हणजे काय म्हणतोस, आणि मग स्वतःच उत्तर उच्चारून दाखवतो. याला आकाशभाषित म्हणतात. ‘चतुर्भाणी’ नावाने चार भाण एकत्र मिळतात, त्यातला ‘उभयाभिसारिका’ वाचून बघा, रस्त्याने चाललेला एक माणूस आख्खं गाव उभं करतो. दिवाकरांची पहिली नाट्यछटा १९११ची. त्यांच्यासमोर इंग्रज कवी ब्राउनिंगच्या, एकाच माणसाच्या तोंडी असलेल्या कविता होत्या हे सगळे सांगतात, पण कानाला भाणही लागतोच.

आता ‘पात्र’. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो, “तत्प्रतिपात्रमाधीयतां यत्नः”, प्रत्येक पात्राकडे लक्ष द्या. इथे पात्र म्हणजे भूमिका की ती करणारा नट? दोन्ही लागू पडतं. मराठीने दोन्ही अर्थ ठेवले. ‘पात्रपरिचय’ छापतो तेव्हा डावीकडे भूमिका आणि उजवीकडे नट, मधे दोन टिंबं, आणि मथळा एकच. ‘एकपात्री’तलं पात्र उजवीकडचं. विषय संपला.

फलाट १०
संपला कसला. भाण म्हटलं तर लोक भानगड ऐकतील.

लोटाभर
पात्र म्हणजे मुळात भांडं. पंचपात्रातलं. नदीचंही पात्रच. मला नेहमी वाटतं, एकपात्री म्हणजे भांडं एकच, त्यात पाणी वेगवेगळ्या विहिरींचं. म्हणून एक नट, अनेक माणसं. हे कुठल्या कोशात नाही, माझ्या डोक्यातलं आहे, पण मला पटतं.

विटोबा नव्हे विट
कोशात नाही हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून सोडून देतो.

नेरुळची मावशी
एक साधा प्रश्न. आमच्या मुलीच्या शाळेच्या पत्रकात हल्ली ‘एकल अभिनय स्पर्धा’ येतं. हे एकल कधी घुसलं?

शुद्धमती
हिंदीतून. एकल नाटक, एकल अभिनय हे सगळं तिकडचं. आपल्याकडे एकपात्री असताना हे कशाला? उद्या ‘मंचन’ही म्हणतील. म्हणतातच म्हणा. आपण ‘प्रयोग’ म्हणतो, तो किती सुंदर शब्द आहे. व्याकरणात प्रयोग, प्रयोगशाळेत प्रयोग आणि गडकरीला रात्री साडेआठचा प्रयोग.

उसनवार
एकल पालक, एकल महिला म्हणताना तुम्हाला हिंदी टोचत नाही? ‘एकलकोंडा’ कुठून आणलात? आणि संस्कृतातून घेतलं ते सोनं, हिंदीतून घेतलं की चोरी, हा हिशेब मला कधी कळला नाही.

मला ‘एकल’मध्ये एक फायदा दिसतो. त्यात ‘पात्र’च नाही, म्हणजे काकांची मोजणी बंद. ‘एकल कथन’ म्हणा, वाद खल्लास.

शुद्धमती
एकलकोंडा एका माणसाचा स्वभाव असतो, नाटकाचा प्रकार नव्हे. आणि ‘एकहाती’ मराठीत धडधाकट असताना एकल कशाला लागतंय? एकहाती प्रयोग. ऐका तरी कसं लागतं.

जुना पार्ट
एकहाती क्रिकेटला लागतं. दुसऱ्या हातात काय, पाण्याची बाटली?

खरा शब्द हवा तर लोकांकडे जा. कीर्तनकार एकटा उभा राहून पूर्वरंग, उत्तररंग करतो, आख्यानात राजा तोच, राणी तोच, हत्तीसुद्धा तोच. त्याला कुणी एकपात्री म्हटलं नाही. ‘आख्यान लावलं’ म्हटलं. ताईंनी सासूबाईंचं आख्यान लावलंय.

तिसरी घंटा
जुना पार्ट काका, घरात “काय आख्यान लावलंयस” कधी म्हणतात ते आठवा, आणि मग सासू-सुनेच्या जाहिरातीवर तो शब्द छापा.

खाडीअलीकडे
हसून हसून पुरेवाट झाली. एक ताजी बातमी. कच्चं प्रूफ आलं. छापखान्यातल्या मुलाने ‘एकपत्नी आत्मकथन’ लावलंय. आमच्या यांनी त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

पण मूळ प्रश्न तसाच आहे हो. काल तालमीत एक गोष्ट झाली. जमीन जाणार अशी नोटीस आल्याचा प्रसंग आहे. रेकॉर्डिंगमध्ये आई तिथे ‘मी’ म्हणतच नाहीत. “तवा ती बांधावर जाऊन बसली,” असं म्हणतात. स्वतःलाच ‘ती’. पुढच्या वाक्यापासून परत ‘मी’. मी तालमीत सवयीने ‘मी बसली’ म्हणून गेले आणि मला खटकलं. आता सांगा, आत्मकथन करणारी बाई स्वतःच ‘ती’ म्हणत असेल तर मी काय म्हणू?

उसनवार
‘ती’च ठेवा. बदलू नका, कृपा करून.

विटोबा नव्हे विट
सुषमा देशपांडे यांनी १९८९ साली ‘व्हय मी सावित्रीबाई’ केलं, लिहिलंही त्यांनीच. नावातच ‘मी’ आहे आणि तो ‘मी’ लिहिणारीचा नाही, हे एकाही प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही. उलट ‘आयदान’ हे उर्मिला पवारांचं आत्मकथन, ते रंगमंचावर आलं तेव्हा एका बाईचं आयुष्य तिघी अभिनेत्रींनी सांगितलं. ‘मी’ तिघींत वाटला गेला. म्हणजे ‘आत्म’ आणि अंगं यांची गणती जुळलीच पाहिजे असं काही नाही. तुमच्या सासूबाईंनी तर एकाच अंगात दोघी ठेवल्या.

शुद्धमती
हे चांगलं सांगितलंत. मग ‘आत्मकथन’ ठेवायला माझी हरकत नाही, पण खाली बारीक अक्षरात ‘यांच्या आठवणींवरून’ असं सासूबाईंचं नाव हवंच.

जाता जाता, शुद्ध रूप ‘धवळारीण’. ‘धवळा’ म्हणजे लग्नातलं गाणं, त्यापासून आलंय. जाहिरातीत तरी नीट छापा.

बांधावरचा
मी दिवाळे गावचा. आजवर वाचत होतो, लिहीत नव्हतो. माझी आजी धवलारीन होती. तिला कुणी धवळारीण म्हणून हाक मारली असती तर तिने वळूनसुद्धा बघितलं नसतं. आमच्याकडे ळ नाही, ण नाही. ‘मना कोनी’ चालतं आणि पुढच्याच ओळीत ‘धवळारीण’ छापायचं? म्हणजे बाईचं बोलणं तिचं, पण हुद्दा पुण्याचा.

शुद्धमती
हुद्दा पुण्याचा नाही, विदर्भाचा निघेल. महानुभाव पंथातल्या महदंबेचे ‘धवळे’ तेराव्या शतकातले, तिकडे विदर्भात पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या खेळात म्हटलेले. मराठीतली आद्य कवयित्री. शब्द तोच, लग्नातली गाणी तीच, आणि गाणारीही बाईच. ळ तिथून आहे. तुमच्या आजीचा वारसा मी आठशे वर्षं मागे नेतेय, कमी नाही करत.

बांधावरचा
वारसा न्या, ‘ल’ ठेवा.

लोटाभर
मला एक कळत नाही. महदंबेचे धवळे लग्नाच्या खेळात म्हटले, बांधावरच्यांची आजी लग्नात एकटी नवरीच्या आईचं, करवलीचं, सगळ्यांचं गाणार. मग ही बाई आयुष्यभर एकपात्रीच करत नव्हती का?

बांधावरचा
आजीसमोर म्हणाला असतात तर मार खाल्ला असतात. ते नाटक नव्हतं, लग्न लागत होतं.

जुना पार्ट
बरोबर बोललात. यावरून आठवलं, ‘सोंग’ आणि ‘पार्ट’ यांत फरक काय? आमच्या वेळी “त्याने स्त्रीपार्ट केला” म्हणत, “सोंग आणलं” म्हटलं की शिवी. पण दशावतारात…

तिसरी घंटा
काका, नवीन धागा काढा.

खाडीअलीकडे
छापायला दिलं. ‘एकपात्री’ ठेवलं. ‘आत्मकथन’ काढलं, त्या जागी आईंचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं, त्याखाली ‘धवलारीन’, ल आणि न. शुद्धमतीताई, रागावू नका. बांधावर ‘ती’च बसते.

माझ्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे. छापखान्यातला मुलगा उद्या अकरापर्यंत थांबतोय.

फलाट १०
‘सूनबाई’ लिहा.

शुद्धमती
ते नातं झालं, श्रेय नव्हे. आणि धवळ्यात ‘सून’ला काय शब्द येतो, कुणाला माहीत आहे का?