आप्पांचं पत्रक : घरच्या ग्रुपवर

दादा: पुण्यस्मरणाच्या पत्रकाचा मजकूर टाकतोय, उद्या दुपारी प्रेसला द्यायचाय. "१९७१ च्या युद्धात ढाक्यावर तिरंगा फडकवणारे शूरवीर, दानशूर व्यक्तिमत्त्व, सुभेदार मेजर कै. आप्पासाहेब यांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त..."

मोठे काका: सुभेदार मेजर काढ. आप्पा हवालदार म्हणून रिटायर झाले, मग मानद नायब सुभेदार. पेन्शनच्या कागदावर तेच आहे. न मिळवलेली रँक छापलीस तर वरनं खाली येऊन कान पिळतील.

दादा: ढाका तरी राहू दे ना काका

मोठे काका: सुभेदार आजोबा आहेत ग्रुपवर. त्यांना विचार.

सुभेदार आजोबा: (आजोबा सांगतायत, मी नातू टाइप करतोय) जय हिंद. ढाक्यात पहिली शिरली ती २ पॅरा, छत्रीवाली पलटण, म्हणजे पूर्वीची ३ मराठा. आम्ही जंगी पलटण, १ मराठा. आमची लढाई जमालपूरची. ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या पाठीमागं गेलो न् रस्ता अडवून बसलो. पलटणीचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, ब्रार साहेब. आमचे ब्रिगेडियर क्लेर साहेब, त्यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर पलीकडच्या पाकिस्तानी कर्नलनं जबाबात काडतूस गुंडाळून पाठवलं. १० डिसेंबरच्या रात्री ते नाका फोडायला आले. मी नवा पोरगा, आप्पा माझे उस्ताद. त्या रात्रीचं ते कधी बोलले नाहीत, मीपण नाही बोलणार. सकाळी मात्र जखमी कैद्यांना पाणी पाजत फिरत होते. स्वतःची बाटली संपली तेव्हा माझी घेतली. परत दिली नाही.

धाकटी काकू: 😂 अगदी आप्पा!

आत्या (कराड): हसताय खरं, पण हे दानशूर वगैरे लिहिताना जरा थांबा. आप्पांचं देणं बऱ्याचदा दुसऱ्याच्या बाटलीतलं असायचं. ७२ च्या दुष्काळात मी चौथीत. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, डोक्याला फडकं बांधून. आप्पांची मनिऑर्डर यायची, आणि मागोमाग आंतर्देशीय पत्र, वर "द्वारा ५६ ए.पी.ओ.", म्हणजे लष्करी पोस्टाचा पत्ता. पत्रात खुशाली दोन ओळी, बाकी यादी. अमक्याच्या घरी दहा द्यायचे, तमकीला पाच, तिचा नवरा मुंबईला गिरणीत आहे पण पैसे पाठवत नाही. आई यादीबरहुकूम वाटायची, वाटताना शिव्याही द्यायची. आणि आम्ही घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी खायचो. छापायचंच असेल तर आईचं नाव आधी छापा.

मोठे काका: खरंय. मला त्या भाकरीचा वास अजून नको वाटतो.

धाकटी काकू: आणि मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड? वाडीतले निम्मे कुकर आप्पांच्या कार्डावर आलेत. स्वतः माळकरी, रमचा कोटा कधी उचलला नाही म्हणून किती जण रुसले होते!

मोठे काका: कुकरचं पत्रकात नको बरं का. ते सामान घरच्यापुरतंच आणायचं असतं.

मी: मला वेगळंच आठवतं. शाळेला सुट्टी असली की मी आप्पांबरोबर साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचे. बरोबर कायम कुणीतरी एक आजी. सैन्याच्या कागदात नाव "लक्ष्मीबाई", रेशनकार्डावर "लक्ष्मी", जन्मतारीख तर तिसरीच. तेवढ्यावर पेन्शन अडकायची. आप्पा प्रतिज्ञापत्र करून द्यायचे, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवायचे, पोचपावती स्वतःच्या पिशवीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्या सगळ्यांना पुन्हा गोळा करायचे. यात पैसे फारसे गेले नसतील, पण मला तेच सगळ्यात मोठं वाटतं.

दादा: अरे हो, ट्रंकेत वही सापडलीय! कुणाला किती दिले ते सगळं आहे. पान टाकतो, पत्रकाच्या मागच्या बाजूला भारी दिसेल.

*(फोटो)*

आत्या (कराड): डिलीट कर. आत्ता. सगळ्यांसाठी.

*(हा मेसेज डिलीट केला आहे)*

दादा: का?? चांगलंच आहे ना ते

आत्या (कराड): त्या घरांची सुना-नातवंडं आता चांगली नांदतायत. आपल्या पत्रकातून त्यांना काय कळवायचंय तुला?

मामा (कराड): मी पाहिलं ते पान. चौथी ओळ माझी आहे. लग्नाआधीची. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला. तेव्हा सोयरीक ठरलीही नव्हती.

मोठे काका: दाजी, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मामा (कराड): हिलाही नव्हतं. पुढं मी परत द्यायला गेलो, तर म्हणाले जावयाकडनं पैसे घेतले तर गाव हसेल. म्हणजे आधी उसने, मग जावई झालो म्हणून माफ. फायद्यात राहिलो.

आत्या (कराड): घरी या, बोलू.

धाकटी काकू: सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणतायत, दानशूर काढा. त्यांनी दान कधी केलंच नाही, उसनेच दिले, फक्त मागायला लाजायचे. आणि वही माझ्याकडं आणून द्या म्हणतायत, त्यातले दोघं-तिघं अजून धडधाकट आहेत.

मोठे काका: 😂 आईला वही देऊ नका रे कुणी!

दादा: मग छापू काय शेवटी?

मोठे काका: मानद नायब सुभेदार. १ मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण. जमालपूर, डिसेंबर १९७१. खाली निमंत्रक म्हणून आईचं नाव एकटीचं, आपलं कुणाचं नको. कीर्तन दहाला, जेवण साडेबाराला.

सुभेदार आजोबा: (नातू) आजोबा विचारतायत, बाटलीचं कुणाकडं मागायचं?

धाकटी काकू: सासूबाई म्हणतायत जेवायला या, स्टीलची नवीन देते.