जॉर्ज, निकोलस, विल्हेल्म: एकमेकांचे नक्की कोण?

नौपाड्याची आजी:
नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी पहिल्या महायुद्धातल्या राजांची वंशावळ काढायला घेतलीय. जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग शीट पसरलंय आणि त्यावर सगळीकडे एकच शब्द, कझिन. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज, रशियाचा दुसरा निकोलस, जर्मनीचा दुसरा विल्हेल्म, सगळे कझिन. अगं, पण चुलत की मामे? आमच्याकडे आत्याचा मुलगा आला की आई त्याला पहिला पाट मांडायची, मावशीचा आला की तो सरळ स्वयंपाकघरात शिरायचा. नातं कळल्याशिवाय माणसं कशी कळणार? कुणी नीट उलगडून सांगाल का?

नेरुळकर:
आजी, डेन्मार्कच्या नवव्या ख्रिश्चन राजापासून सुरुवात करा. त्याची थोरली लेक अलेक्झांड्रा इंग्लंडच्या सातव्या एडवर्डला दिली, तिची धाकटी बहीण दागमार रशियाच्या तिसऱ्या अलेक्झांडरला. म्हणजे जॉर्ज आणि निकोलस सख्खे मावसभाऊ. फोटोत कोण कुठला ते चटकन ओळखता येत नाही, इतके सारखे.

आता व्हिक्टोरिया राणी. नऊ मुलं. थोरली व्हिकी प्रशियात दिली, तिचा मुलगा विल्हेल्म. व्हिकीचा धाकटा भाऊ एडवर्ड. म्हणून विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ. मधली लेक ॲलिस जर्मनीतल्या हेसला दिली, तिच्या मुलीशी, ॲलिक्सशी, निकोलसने 1894 मध्ये लग्न केलं. म्हणजे निकोलस जॉर्जचा मावसभाऊ आणि आतेबहिणीचा नवराही. विल्हेल्मचा तो मेहुणा, कारण ॲलिक्स त्याची मावसबहीण.

मे 1913 मध्ये विल्हेल्मच्या मुलीच्या लग्नाला तिघेही बर्लिनला जमले होते. त्यानंतर तिघांची एकत्र भेट झालीच नाही. जुलै 1914 च्या शेवटी विल्हेल्म आणि निकोलस एकमेकांना तारा करत होते, खाली सही ‘विली’ आणि ‘निकी’. 1 ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

कळव्याहून:
शीटवर लाल रेघ मारायला सांगा. व्हिक्टोरियाकडून ॲलिस, तिच्याकडून ॲलिक्स, तिच्याकडून 1904 साली जन्मलेला ॲलेक्सी. रक्त न गोठण्याचा आजार, हिमोफिलिया. तो आईकडून मुलाकडे येतो आणि बहुतेक मुलींना स्वतःला फारसा त्रास होत नाही, म्हणून तो माहेरातून सासरी नकळत गेला. ॲलिसचा लहानगा फ्रिटी 1873 मध्ये खिडकीतून पडला आणि रक्तस्रावाने गेला. त्या वेळी ॲलिक्स जवळजवळ एक वर्षाची होती.

नौपाड्याची आजी:
लाल रेघ मारली. नातीने विचारलं, क्रांती झाली तेव्हा जॉर्जने मावसभावाला घरी का नाही आणलं? काय सांगू?

नेरुळकर:
1917 मध्ये ब्रिटिश सरकारने आधी आसरा देऊ केला होता. आपल्याच देशात असंतोष भडकेल या भीतीने जॉर्जने तो मागे घ्यायला लावला. 17 जुलै 1918 ला निकोलस, ॲलिक्स आणि पाचही मुलं येकातेरिनबुर्गमध्ये मारली गेली. मला हे आजही माफ करता येत नाही. मावशी दागमारसाठी मात्र 1919 मध्ये ‘मार्लबरो’ ही युद्धनौका क्रिमियाला गेली. तिची बहीण अलेक्झांड्रा तिच्यासाठी जिवाचं रान करत होती.

नौपाड्याची आजी:
बहीण होती ती. पुढे दागमार कुठे राहिली?

नेरुळकर:
डेन्मार्कला. कोपनहेगनजवळ दोघी बहिणींनी पूर्वी मिळून एक घर घेतलं होतं, व्हिदोरे. 1928 मध्ये तिथेच ती गेली.

नौपाड्याची आजी:
शीटवर एक कोपरा रिकामा आहे. तिथे ते घर काढायला सांगते.