बॉबी ऑरला ‘अर्ध्यात आटोपलेला’ म्हणू नका

बर्फवेडा: कालच्या पोस्टमध्ये कुणीतरी लिहिलंय, आईस हॉकीत ६५७ सामन्यांत आटोपलेल्या ऑरची, सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या ग्रेट्झकीच्या १,४८७ सामन्यांशी तुलनाच नको. डोकंच फिरलं. अहो, ऑर बचावपटू होता! बचावपटू असून दोनदा एनएचएल लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलाला दिलेले पास). हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. १९७०-७१ चं त्याचं प्लस-मायनस (ढोबळमानाने, तो बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल) १२४, तो विक्रम आजही उभा आहे. आणि हे सगळं कामातून गेलेल्या डाव्या गुडघ्यावर.

मिसिसागाकर: टिकणं हीसुद्धा गुणवत्ताच. ग्रेट्झकीचे ८९४ गोल पुसून टाका, तरी नुसत्या १,९६३ असिस्टवर तो गुणांत पहिलाच. ‘गुडघा धड असता तर’ याला कप मिळत नाही.

निळी रेघ: टिकणं खेळाडूच्या हातात असतं का? माझ्या मुलीचा गुडघा सुजलेला असताना कोचने तिला बर्फावर उतरवलं. लिगामेंट गेलं. आज दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते, म्हणून ती परत खेळतेय. ऑरच्या वेळी गुडघा उघडायचेच. हे लहान पोरांचे कोच...

मिसिसागाकर: मुलीचं वाईट झालं. पण तो विषय वेगळा.

बर्फवेडा: गुडघ्याइतकंच ऑरला त्याचा एजंट ॲलन ईगलसनने छळलं. ऑरचा संघ बॉस्टन ब्रुइन्स त्याला संघाची १८.५ टक्के मालकी द्यायला तयार होता, या एजंटाने ऑरला सांगितलंच नाही! पोरगा शिकागोच्या संघाकडे गेला, तिथे जेमतेम २६ सामने, तिसाव्या वर्षी निवृत्त.

जुना प्रेक्षक: ईगलसनला नुसता खलनायक करू नका. खेळाडूंची संघटना त्यानेच उभी केली. १९७२ ची कॅनडा-सोव्हिएत मालिका व्हायलाही तो हवाच होता.

बर्फवेडा: संघटनेचा प्रमुख तोच, एजंट तोच, संघमालकांचा दोस्तही तोच! १९९८ मध्ये फसवणूक कबूल करून तुरुंगात गेला. त्याची कसली वकिली करता?

जुना प्रेक्षक: आवाज चढवू नका. चोरी केली, मान्य. संघटना उभी केली, हेही खरं.

मिसिसागाकर: आणि ऑर स्वतःच पुढे एजंट झाला की!

निळी रेघ: स्वतः पोळला म्हणूनच झाला. आजचा स्टार कॉनर मॅकडेव्हिडसारखी पोरं त्याच्या कंपनीकडे विश्वासाने गेली.

मिसिसागाकर: माणूस चांगला, मान्य करतो. पण एजंटगिरीचे गुण स्कोअरबोर्डवर लागत नाहीत. १९७५ नंतर त्याने काय केलं ते दाखवा.

बर्फवेडा: १९७६ चा कॅनडा कप, देशादेशांची स्पर्धा. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. त्याच गुडघ्यावर.